गावाची नोटीस एका वेब पानावर : दूरच्या सर्व्हरवर पान कसं चढवतात? वाचा सविस्तर माहिती

किनवट : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली नोटीस गावात असणाऱ्यालाच दिसते. किनवट तालुक्यातली कितीतरी माणसं कामासाठी आदिलाबाद, हैदराबाद, नांदेड, पुणे अशा ठिकाणी राहतात. ग्रामसभेची तारीख बदलली किंवा लाभार्थ्यांची यादी लागली, तर त्यांना ते उशिरा कळतं, कधी कळतच नाही. व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो फिरतो, पण तो कालचा आहे की मागच्या वर्षीचा, हे ओळखणं अवघड असतं.

व्हॉट्सॲपचा फोटो आणि वेब पान यात मोठा फरक आहे. फोटो पुढे पाठवला की त्याच्या शंभर प्रती शंभर मोबाईलमध्ये जातात. तारीख चुकली असेल तर त्या शंभर प्रती मागे घेता येत नाहीत. वेब पान मात्र एकाच जागी असतं आणि लोकांकडे त्याचा फक्त पत्ता जातो. त्या एका जागी दुरुस्ती केली की पुढे पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्त पान दिसतं. म्हणूनच बचत गट, शाळा, वाचनालय, शेतकरी गट यांना एक पान बनवून ते सर्व्हरवर चढवण्याची पद्धत माहीत असणं उपयोगाचं आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असलेला, इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटर. तो गावात नसतो. मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये असतो. तिथे विजेची आणि नेटची पक्की सोय असते, त्यामुळे बोधडीत किंवा इस्लापूरला लाईट गेली तरी पान बंद पडत नाही. अशा कॉम्प्युटरवरची थोडी जागा वर्षाच्या भाड्याने मिळते. त्याला होस्टिंग म्हणतात. पानाच्या पत्त्यासाठी जे नाव घेतात ते डोमेन. होस्टिंग म्हणजे दुकानाचा गाळा आणि डोमेन म्हणजे त्यावरची पाटी, असं समजलं तरी चालेल. दोन्हीचं भाडं वेगळं असतं आणि दोन्ही वेळेवर भरावी लागतात.

सातबाऱ्याचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळू लागला. मांडवीतला शेतकरी मोबाईलवर सातबारा पाहतो तेव्हा तो तलाठ्याच्या कपाटातून येत नाही, दूरच्या सर्व्हरवरून येतो. फरक एवढाच की सातबारा मागणी केल्यावर साठवलेल्या नोंदींमधून तयार होतो. इथे ज्या पानाची माहिती दिली आहे ते आधीच लिहून ठेवलेली एक साधी फाईल असते. फाईल सर्व्हरवर ठेवली की पान सुरू आणि काढली की बंद.

फाईल पाठवण्याची पद्धत एका भारतीयाने लिहिली

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाईल पाठवण्याच्या नियमांना एफटीपी म्हणतात. हे नियम पहिल्यांदा अभय भूषण यांनी लिहिले. ते कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी या नियमांचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हा वेब पान ही गोष्टच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं.

जुन्या एफटीपीत एक मोठी उणीव आहे. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. त्यामुळे २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपी काढून टाकलं. आता त्याऐवजी एसएफटीपी वापरावं. त्यात सगळा मजकूर बंद पाकिटातून जातो. एफटीपीचा पोर्ट क्रमांक २१ आणि एसएफटीपीचा साधारणपणे २२ असतो. काही होस्टिंग कंपन्या वेगळा क्रमांक देतात, तो त्यांच्या पत्रात लिहिलेला असतो.

काय काय लागतं?

१) डोमेन आणि होस्टिंग. सुरुवातीला पैसे घालायचे नसतील तर गिटहब पेजेस, गुगल साईट्स, ब्लॉगर अशा मोफत सोयी आहेत. तिथे पत्ता मात्र त्या कंपनीच्या नावाखालचा मिळतो.

२) सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट क्रमांक. होस्टिंग घेतल्यावर या चार गोष्टी ईमेलने येतात.

३) कॉम्प्युटर असेल तर फाईलझिला किंवा विनएससीपी हे मोफत सॉफ्टवेअर. ते मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावं, कोणी पेन ड्राईव्हवर दिलेलं टाकू नये.

४) फक्त मोबाईल असेल तर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधला ‘फाईल मॅनेजर’. तो ब्राउझरमध्येच उघडतो, वेगळं ॲप लागत नाही. एक-दोन पानं चढवायला तो पुरेसा आहे.

पान बनवताना : फाँटची अडचण आधी सोडवा

मराठी पानात सगळ्यात जास्त घोळ फाँटचा होतो. तालुक्यातल्या टायपिंग सेंटरवर आणि अनेक कार्यालयांत अजून श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी असे जुने फाँट वापरात आहेत. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि त्यावर मराठी आकार बसवलेले असतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथे मजकूर बरोबर दिसतो. तोच मजकूर मोबाईलवर उघडला की निव्वळ गिचमिड दिसते.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्येच असतो. जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा. नंतर प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहावी, कारण रफार आणि जोडाक्षरं बदलताना चुकतात. नोटिशीत एखाद्याचं आडनाव चुकलं तर पुढे कागदपत्रांत त्रास होतो.

फाईल जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा आणि पानाच्या सुरुवातीच्या भागातही तसं लिहावं. हे राहिलं तर मराठीच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली परदेशी अक्षरं दिसतात. असं दिसलं तर मजकूर बिघडलेला नसतो, फक्त ब्राउझरला लिपीचा प्रकार कळलेला नसतो.

फाईलचं नाव कसं ठेवावं?

फाईलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावं. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ द्यावी. याची तीन कारणं आहेत.

पहिलं, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्स लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरात फरक करतं. ‘नोटीस’ या शब्दाचं पहिलं अक्षर फाईलच्या नावात मोठं असेल आणि लिंकमध्ये लहान असेल तर पान सापडत नाही. विंडोजवर हा फरक जाणवत नाही, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर चाललेलं पान सर्व्हरवर गेल्यावर बंद दिसतं.

दुसरं, मोकळी जागा सोडली तर व्हॉट्सॲपवर लिंक मध्येच तुटते.

तिसरं, देवनागरी नाव चालतं, पण लिंक पुढे पाठवताना एका ‘क’ची नऊ चिन्हं होतात. दहा अक्षरांचं नाव नव्वद चिन्हांचं होतं आणि पाहणाऱ्याला ती फसवणुकीची लिंक वाटते.

मुख्य पानाचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ठेवतात. फक्त डोमेन टाकलं की सर्व्हर आपोआप तेच पान दाखवतो.

मजकूर टाईप करा, फोटो लावू नका

अनेक ठिकाणी नोटिशीचा कागद स्कॅन करून तीच पीडीएफ चढवतात. काम सोपं होतं, पण वाचणाऱ्याचे हाल होतात. हिशोब साधा आहे. ५ एमबीची पीडीएफ सेकंदाला १०० किलोबिट इतक्या मंद नेटवर उतरवायला ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोच मजकूर टाईप केलेलं २० केबीचं पान दोन सेकंदांच्या आत उघडतं. डोंगरातल्या ज्या वाड्या-तांड्यांवर रेंज मिळायला उंचवट्यावर जावं लागतं, तिथे हा फरक फार मोठा आहे.

शिवाय टाईप केलेला मजकूर गुगलवर शोधता येतो, अक्षरं मोठी करता येतात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोबाईल तो वाचून दाखवू शकतो. सहीशिक्क्याची प्रत लागतेच. ती खाली वेगळी लिंक देऊन ठेवावी.

पान चढवण्याच्या पायऱ्या

१) फाईलझिला उघडून सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट भरावा. प्रकार एसएफटीपी निवडावा. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख दाखवणारा इशारा येतो. सर्व्हरचं नाव बरोबर आहे का, हे पाहूनच पुढे जावं.

२) जोडणी झाली की डावीकडे आपला कॉम्प्युटर आणि उजवीकडे दूरचा सर्व्हर दिसतो.

३) उजवीकडे ‘पब्लिक एचटीएमएल’ या नावाचं फोल्डर उघडावं. लोकांना दिसतं ते याच फोल्डरमधलं. त्याच्या बाहेर ठेवलेली फाईल चढते, पण कोणालाही दिसत नाही. नवख्या माणसाचा अर्धा दिवस इथेच जातो.

४) जुनं पान बदलायचं असेल तर आधी सर्व्हरवरची जुनी फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी आणि तिच्या नावात तारीख घालून जपून ठेवावी. एफटीपीत फाईलवर फाईल चढवली की जुनी कायमची जाते. इथे ‘अनडू’ नसतं.

५) आता फक्त बदललेलं पान चढवावं. एक ओळ बदलली म्हणून सगळी वेबसाईट पुन्हा चढवायची गरज नाही. उलट तसं केल्याने धोका वाढतो. आपल्या कॉम्प्युटरवरच्या इतर पानांच्या प्रती जुन्या असल्या तर दुसऱ्याने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात.

६) नेट मंद असेल तर फाईल आधी वेगळ्या नावाने चढवावी. पूर्ण चढली की जुन्या फाईलचं नाव बदलावं आणि नवीन फाईलला मूळ नाव द्यावं. नाव बदलायला क्षणभरही लागत नाही. थेट मूळ नावाने चढवताना मध्येच रेंज गेली तर लोकांना अर्धवट पान दिसतं. यादीतली अर्धी नावं गायब दिसली तर गावात विनाकारण भांडण लागतं.

७) दोन्हीकडच्या फाईलचा आकार सारखा आहे का, ते पाहावं.

८) पान दुसऱ्याच्या मोबाईलवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर उघडून पाहावं. स्वतःच्या मोबाईलवर जुनी साठवलेली प्रत दिसू शकते.

पान दिसत नाही? अशी आहेत कारणं

४०४ : पान सापडलं नाही. नावातलं अक्षर किंवा फोल्डर चुकलेलं असतं.

४०३ : पान आहे, पण पाहायची परवानगी नाही. फाईलची परवानगी ६४४ आणि फोल्डरची ७५५ असावी. घाईत ७७७ देऊ नये. त्यामुळे त्या सर्व्हरवर इतर कोणालाही फाईल बदलता येऊ शकते.

५०० : सर्व्हरच्या मांडणीत चूक आहे. नुकताच कोणता बदल केला ते आठवून जुनी फाईल परत ठेवावी.

जुनंच पान दिसतं : ब्राउझरने साठवलेली प्रत दिसत असते. पान रिफ्रेश करावं किंवा इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहावं. होस्टिंगमध्येही साठवलेली प्रत असते. ती कंट्रोल पॅनलमधून साफ करता येते.

फोटो दिसत नाही : पानात फोटोचा पत्ता घरच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राईव्हचा राहिलेला असतो. फोटोही सर्व्हरवर चढवून त्याचा तिथला पत्ता द्यावा लागतो.

‘नॉट सिक्युअर’ असं दिसतं : प्रमाणपत्र बसवलेलं नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगमध्ये एका बटणावर बसतं.

काय चढवू नये?

लाभार्थ्यांची यादी चढवताना आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल नंबर कधीही टाकू नये. आधार कायदा २०१६ च्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ही चूक मोठ्या कार्यालयांकडूनही झाली आहे. केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या नाव-पत्त्यासोबत आधारची माहिती दिसत होती आणि ती काढून टाकण्यात आली, असं आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला दिलेल्या उत्तरात सांगितलं होतं.

एक्सेल फाईलमध्ये रकाना फक्त लपवून चालत नाही. उतरवून घेणारा तो पुन्हा उघडू शकतो. पीडीएफमधल्या नंबरवर काळी पट्टी ओढली तरी खालचा नंबर कॉपी होऊ शकतो. म्हणून नको ती माहिती मूळ फाईलमधूनच काढावी आणि मगच ती चढवावी. एकदा चढलेलं पान काढलं तरी गुगलकडे आणि लोकांच्या मोबाईलमध्ये त्याची प्रत राहू शकते.

लहान मुलांचे फोटो, आजाराची माहिती, जातीचे दाखले यांनाही हीच काळजी लागू आहे.

चाव्या कोणाच्या हातात?

गटाची वेबसाईट बंद पडते तेव्हा त्याचं कारण तांत्रिक असेलच असं नाही. एखादा ओळखीचा मुलगा किंवा शहरातला माणूस वेबसाईट बनवून देतो. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं असतं. वर्षाने तो नोकरीला निघून जातो, नंबर बदलतो. नूतनीकरणाचा ईमेल त्यालाच जातो, गटाला कळतही नाही. मुदत संपली की ते नाव पुन्हा बाजारात येतं आणि दुसरं कोणीही ते विकत घेऊ शकतं. मग गटाच्या जुन्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. गावकऱ्यांनी मात्र तो पत्ता विश्वासाने जपून ठेवलेला असतो.

म्हणून डोमेन संस्थेच्या नावावरच घ्यावं. ईमेल संस्थेचा असावा आणि तो किमान दोघांना उघडता यावा. नूतनीकरणाची तारीख गटाच्या ठराव वहीत लिहून ठेवावी. पान चढवणाऱ्याला स्वतंत्र युजरनेम द्यावं, म्हणजे तो गेला की तेवढंच बंद करता येतं. पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये आणि सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ‘सेव्ह पासवर्ड’ करू नये. सगळ्या पानांची एक प्रत पेन ड्राईव्हवर असावी.

ग्रामपंचायतीसाठी वेगळा मार्ग

ग्रामपंचायत हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अशा कार्यालयांनी ठरावीक माहिती कोणी मागायच्या आधीच स्वतःहून जाहीर करायची असते आणि त्यासाठी इंटरनेटसह इतर साधनं वापरायची असतात. मात्र सरकारी माहितीसाठी ‘गव्ह डॉट इन’ हे डोमेन फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. खासगी व्यक्तीने ग्रामपंचायतीच्या नावाने वेबसाईट काढून तीच अधिकृत असल्याचं भासवणं योग्य नाही.

जिल्ह्यांच्या संकेतस्थळांचं काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी पाहते. तिथे प्रत्येक पान हाताने फाईल बनवून चढवत नाहीत. अधिकृत कर्मचारी लॉगिन करून मजकूर भरतो आणि पान तयार होतं. गावाचा विकास आराखडा आणि खर्च पाहण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेलं ई-ग्रामस्वराज हे पोर्टल आहे. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडून कोणालाही माहिती पाहता येते.

बचत गटाने किंवा वाचनालयाने अशी सरकारी माहिती आपल्या पानावर द्यायची असेल तर मजकूर उतरवून न घेता मूळ पानाची लिंक द्यावी. मूळ पान बदललं तर आपल्याकडची प्रत जुनी राहते आणि लोकांची दिशाभूल होते.

पानावर तारीख हवीच

शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे प्रत्येक पानावर वरच्या बाजूला ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख लिहावी. काय बदललं ते एका ओळीत सांगावं. उदाहरणार्थ, ‘सभेची वेळ सकाळी १० ऐवजी ११ केली.’ संपर्कासाठी संस्थेचा ईमेल द्यावा. कार्यक्रम होऊन गेला तर पान पुसून टाकू नये, वर ‘हा कार्यक्रम झाला आहे’ असं लिहावं. जुन्या लिंकवर येणाऱ्याला कोरं पान मिळण्यापेक्षा ते बरं.

आणि पान चढवलं म्हणून फळ्यावरची नोटीस किंवा दवंडी बंद करू नये. तालुक्यात गोंडी, कोलामी, बंजारा बोलणारी घरं आहेत. सगळ्यांकडे स्मार्टफोन नाही आणि सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. बाहेरगावी असलेल्यांना पान वाचता येईल, गावात असलेल्यांसाठी फळा आणि दवंडी आहेच. फक्त तिन्हीकडे तारीख एकच असली पाहिजे.